पोरांना जुना सेन्सर चालू ठेवायचे मार्क द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

दरवर्षी एप्रिल-मे आला की तुमच्या पेपरात (खरं तर सगळ्याच पेपरांत) एक फोटो ठरलेला असतो. अमुक कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी हवेचं प्रदूषण मोजणारं यंत्र बनवलं, चार पोरं, शेजारी गाईड मॅडम, मधे टेबलावर पांढरा प्लास्टिकचा डबा आणि त्यातून बाहेर आलेल्या वायरी. चांगलंच आहे, पोरांचं कौतुक व्हायलाच पाहिजे. पण वर्षभराने त्या डब्याचं काय झालं याची बातमी कधी येत नाही, आणि ती का येत नाही हे सांगायला हे पत्र लिहितोय. लांबलंय, कात्री लावलीत तरी चालेल, फक्त डेडस्टॉकवाला भाग ठेवा प्लीज.

मी नाशिकमधल्याच एका इंजिनीअरिंग कॉलेजात कंत्राटी प्रोजेक्ट इंजिनीअर आहे. कॉलेजचं नाव देत नाही, एक तर सगळीकडे उन्नीस-बीस हेच चालू आहे आणि दुसरं म्हणजे कंत्राट दर अकरा महिन्यांनी रिन्यू होतं. काम सॉफ्टवेअरचं, म्हणजे त्या पांढऱ्या डब्याच्या आत जो प्रोग्रॅम चालतो तो लिहायचा आणि तो बंद पडला की का पडला ते शोधायचं. यातलं दुसरं काम पहिल्यापेक्षा पाचपट मोठं आहे आणि त्याला सिलॅबसमध्ये एकही मार्क नाही, माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आलं असं समजा.

आधी थोडं विषयाबद्दल. या डब्यांत जे चालतं त्याला एज कम्प्युटिंग म्हणतात, आणि ते नाव ऐकलं की लोकांना वाटतं काहीतरी अमेरिकेतलं भारी आहे. तसं काही नाही. साधा सेन्सर जे मोजतो ते सगळं इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरला पाठवतो आणि हिशोब तिकडे होतो. एजमध्ये हिशोब खांबावरच्या डब्यातच होतो आणि पुढे जातो फक्त निकाल. किराणा दुकानावरचा माणूस रात्री गल्ला मोजून शेठला एक आकडा सांगतो, दिवसभरात आलेल्या प्रत्येक नोटेचा फोटो पाठवत बसत नाही, तसंच. आता हे करायला मोठा कम्प्युटरही लागत नाही. इएसपी३२ नावाची चिप चार-पाचशे रुपयांच्या बोर्डावर मिळते, रॅम फक्त ५२० केबी, तरी त्यात छोटं एआय मॉडेल बसतं, मॉडेलमधले ३२ बिटचे आकडे ८ बिटवर आणले की साइज साधारण पाव होते. पोरं हे यूट्यूब बघून करतात, मला विचारतसुद्धा नाहीत.

नाशिकला हे का पाहिजे? सिंहस्थ कुंभमेळा. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. ऑगस्ट म्हणजे ऐन पाऊस, गंगापूर धरणातून विसर्ग सुटायचे दिवस, आणि त्याच रामकुंडावर लाखो लोक. गर्दी आणि पाणी एकाच घाटावर एकाच दिवशी. आणि गर्दी झाली की पहिलं काय मरतं तर मोबाईल नेटवर्क, हे कोणीही सांगेल, विसर्जनाच्या दिवशी मेन रोडवरून व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवून बघा, घड्याळाचं चिन्ह फिरत बसतं. मग शेकडो कॅमेऱ्यांचं चित्रीकरण कंट्रोल रूमला जाणार, तिथला सर्व्हर माणसं मोजणार आणि मग बॅरिकेडवरच्या पोलिसाला निरोप येणार, हा सगळा द्राविडी प्राणायाम ज्या क्षणी लागणार त्याच क्षणी अडकू शकतो. कंट्रोल रूमसाठी वेगळी केबल टाकतील, टाकूदे, पण दिवा त्या बॅरिकेडवरच लाल झाला पाहिजे, केबल तुटली तरी. २००३ च्या सिंहस्थात सरदार चौकात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली, ते विसरून चालणार नाही.

आणि हे आपल्याकडे सुचलेलंच नाही असंही नाही. २०१५ च्या सिंहस्थाच्या वेळी कुंभथॉनमधून (कुंभमेळ्याच्या अडचणींवर तोडगे शोधणारा उपक्रम) नाशिकच्याच एका शाळकरी पोराने आणि त्याच्या टीमने अशिओटो नावाची चटई केली होती, पाय पडला की मोजणारी. कॅमेरा नाही, कोणाचा चेहरा नाही, नुसती पावलं, या रस्त्याने मिनिटाला किती लोक चाललेत तेवढं कळतं. पुढे त्या पोराचं टेड टॉकही झालं. म्हणजे डोकं नाशिकमध्ये आहे, ते मुद्दाम सांगतोय कारण आता जी टेंडरं निघतील त्यात सगळं बाहेरून विकत घ्यायची घाई असणार.

पाण्याचं घ्या. आपल्याकडे पूर मोजायचं परंपरागत यंत्र म्हणजे गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं की भांडी बाजार आणि सराफ बाजारातले लोक माल वर उचलायला घेतात, आणि नारोशंकर मंदिराच्या घंटेला पाणी लागलं तर मग काही बोलायलाच नको. मारुतीरायाचा अपटाइम शंभर टक्के आहे आणि बॅटरी लागत नाही, हे मी लॅबमध्ये पोरांना कायम ऐकवतो. फक्त अडचण एवढीच की पाणी मारुतीपर्यंत आलं म्हणजे ते गावात आलेलंच असतं. त्याच्या आधी कळायचं तर वर मोजायला पाहिजे, आणि नुसतं धरणाच्या दारात नाही, कारण शहरातच जोरात पाऊस झाला तर धरणाचा दरवाजा उघडायच्या आधी वाघाडी आणि नासर्डी गोदावरीत पाणी आणून ओततात.

तिथे पुलाखाली अल्ट्रासॉनिक सेन्सर लावायचा, वरून आवाज सोडायचा, पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर. ऐकायला पोरखेळ आहे. पण आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो, दर डिग्रीला सेकंदाला साधारण ०.६ मीटरने वाढतो, आणि नाशिकमध्ये जानेवारीत पहाटे १० आणि एप्रिलमध्ये दुपारी ४०, म्हणजे तापमान धरलं नाही तर चार मीटरच्या अंतरात वीसेक सेंटिमीटरचा फरक पाणी न हलता पडतो. मग शेजारी तापमानाचा सेन्सर लावा. मग पानवेली. सेन्सरच्या बरोबर खाली पानवेलीचा गठ्ठा किंवा निर्माल्याची पिशवी येऊन अडकली की पाणी अर्धा फूट चढलं असं दिसतं. म्हणून एकच रीडिंग न घेता पटापट दहा-वीस घ्यायची, मधलं उचलायचं, आणि तरी गठ्ठा तासभर तिथेच बसला तर ते ओळखायचं वेगळं लॉजिक. शांत पाणी असताना पंधरा मिनिटांनी एकदा निरोप पाठवायचा, चढायला लागलं की दर मिनिटाला, हा निर्णय डब्यानेच घ्यायचा, नाहीतर सोलरवरची बॅटरी पावसाळ्यात तीन दिवसांत झोपते. लोरा रेडिओवरून पाठवायचं, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, आपल्याकडे त्याला लायसन लागत नाही, काही किलोमीटर जातं, पण सगळ्यात हळू सेटिंगला एका निरोपात फक्त ५१ बाईट. देवनागरीत लिहायला गेलात तर काना-मात्रा धरून सतरा चिन्हं. तेवढ्यात पाणी, तापमान, बॅटरी, वेळ सगळं कोंबायचं. हे सगळं सॉफ्टवेअर आहे साहेब, डब्याच्या किमतीत ते येत नाही.

हवेचं तर त्याहून अवघड. नॅशनल क्लीन एअर प्रोग्रॅम २०१९ मध्ये सुरू झाला, त्यातल्या मानकात न बसणाऱ्या शहरांच्या यादीत नाशिक आहे. सरकारी केंद्रं आहेत, गंगापूर रोडला, हिरावाडीला, अंबड एमआयडीसीत, त्यांची यंत्रं महाग आणि भरवशाची. पण शहर केवढं पसरलंय, द्वारकेच्या चौकात काय आणि पाथर्डी फाट्यावर काय हे त्यातून कळणार नाही. तिथे स्वस्तातले लेझरवाले सेन्सर लावता येतात. ते धुळीच्या कणावर प्रकाश पाडून मोजतात, आणि हवेत दमटपणा ८० टक्क्यांच्या वर गेला की कण पाणी पिऊन फुगतात, सेन्सरला ती सगळी धूळ वाटते. थंडीत पहाटे गोदाकाठी धुकं पडतं तेव्हा असला सेन्सर बिनधास्त सांगतो की पीएम २.५ (म्हणजे अगदी बारीक धूळ) दोनशेच्या वर आहे, आपलं चोवीस तासांचं मानक ६० मायक्रोग्रॅमचं, आणि मग कोणीतरी तो स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतो, नाशिक दिल्ली झालं वगैरे. खरं-खोटं करायचं तर तो सेन्सर आधी काही आठवडे सरकारी यंत्राच्या शेजारी ठेवून त्याची खोड समजून घ्यावी लागते, मग दमटपणाप्रमाणे दुरुस्ती करायची, आणि महत्त्वाचं म्हणजे कच्चा आकडा आणि दुरुस्त आकडा दोन्ही ठेवायचे, शेजारी सूत्र कुठल्या व्हर्जनचं तेही. वर्षाने सूत्र सुधारलं आणि कच्चा आकडा नसला तर मागचं सगळं पाण्यात. पोरांना हे कोणी शिकवत नाही कारण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, कोणी विचारत नाही. व्हायवाला विचारतात की यात नवीन काय आहे.

द्राक्षांबद्दल थोडक्यात सांगतो, तुमच्या पेपरात त्यावर भरपूर येतं. दिंडोरीकडच्या एका बागेत आम्ही पान किती तास ओलं राहिलं हे मोजणारा सेन्सर लावला होता, ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी आणि दहिवर असलं की डावणी हा रोग येतो तो त्या ओलाव्यावर. आमच्या पोरांनी मोबाईलवर झकास रंगीत ग्राफ काढून दाखवला. बागवाले काका बघत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, ते ग्राफ राहू द्या, औषध मारू का नको तेवढं सांगा, ब्लोअरवाला बाहेर उभाय." एज कम्प्युटिंगची यापेक्षा चांगली व्याख्या मी कुठल्या रिसर्च पेपरात वाचली नाही, डब्याने तिथेच ओले तास मोजायचे आणि हो किंवा नाही सांगायचं. मग फवारणीचा पांढरा थर त्या सेन्सरवर बसला आणि तो कोरडा असताना ओलं दाखवायला लागला. दर फवारणीनंतर फडक्याने पुसायला पाहिजे. कोण पुसणार? ग्रुप तोपर्यंत सबमिशनमध्ये.

आता मूळ दुखणं. हे डबे मरतात कसे ते मी जवळून बघितलंय.

एक म्हणजे पासवर्ड. बॅच पास होते, ज्या पोराने कोड लिहिला तो हिंजवडीला जातो आणि पासवर्ड त्याच्यासोबत जातो. फोन केला तर बिचारा सांगतो सर मला पण आठवत नाही, जुना लॅपटॉप विकला. ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा बांधीव रिपोर्ट, लायब्ररीत असतं, सोनेरी अक्षरांत छापलेलं, त्यात कोडचे स्क्रीनशॉट असतात. स्क्रीनशॉट! कोड नाही.

दुसरं लाईट. लाईट गेली की छोट्या कम्प्युटरमधलं एसडी कार्ड लिहिता लिहिता मधेच तुटतं आणि बिघडतं, यावर उपाय आहे, कार्ड नुसतं वाचण्यापुरतं ठेवायचं आणि डेटा वेगळ्या जागी लिहायचा, पण ते फायनल डेमोला दिसत नाही म्हणून कोणी करत नाही. परवाच एका जुन्या डब्यातला डेटा काढला, निम्म्या नोंदींवर तारीख १ जानेवारी १९७० आणि वेळ पहाटे साडेपाच. लाईट परत आली तेव्हा नेट नव्हतं, बोर्डाला तारीख कळली नाही, त्याने आपलं शून्यापासून मोजायला सुरुवात केली, आणि ते शून्य आपल्या भारतीय वेळेत पहाटे साडेपाचला येतं. अख्ख्या पावसाळ्याचा डेटा आहे पण कुठल्या दिवसाचा ते ब्रह्मदेवाला माहीत. दीडशे रुपयाचं घड्याळाचं मॉड्यूल आणि दहा ओळींचा कोड, एवढं असतं तर वाचलं असतं.

आणि तिसरं डेडस्टॉक. ज्यांनी कधी सरकारी किंवा अनुदानित संस्थेत काम केलंय ते हसतील. कॉलेजच्या पैशाने घेतलेली वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढते, तिला नंबर पडतो, आणि वर्षातून एकदा व्हेरिफिकेशनला ती वस्तू जागेवर दिसली पाहिजे. आता पुलाला लावलेला सेन्सर जागेवर कसा दिसणार? वाहून गेला, माकडाने तोडला, चोरीला गेला तर वसुली कोणावर? म्हणून शहाणे लोक काय करतात तर सेन्सर लॅबच्या कपाटात ठेवतात. कुलूप लावून. पर्यावरण मोजायचा सेन्सर गोदरेजच्या कपाटाचं तापमान मोजतोय, हे मी विनोदाने म्हणत नाहीये, एक तर चालूही होता. ग्रँटमध्ये उपकरणांना हेड (खर्चाचं खातं) असतं, प्रवासाला असतं, सेमिनारला असतं, पण दोन वर्षांनी सॉफ्टवेअर अपडेट करणाऱ्या माणसाच्या पगाराला हेडच नसतं. माणूस नाही म्हणून डबा मेला आणि डबा मेला म्हणून पुढच्या वर्षी नवीन डब्याला पैसे, असं चक्र.

बाहेर कसं करतात ते सांगतो. शिकागोत २०१६ पासून अॅरे ऑफ थिंग्ज नावाने रस्त्याच्या खांबांवर असेच डबे लावले, शिकागो विद्यापीठ आणि आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेने मिळून. त्यातला जो मूळ प्लॅटफॉर्म होता, वॅगल, तो त्यांनी प्रोजेक्ट संपल्यावर कपाटात ठेवला नाही. त्यावरच पुढे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या पुढाकाराने सेज नावाचं जाळं उभं केलं, त्यातले डबे जागेवरच एआय चालवतात, जंगलातल्या वणव्याचा धूर ओळखण्यापर्यंत. कोड सगळ्यांना बघायला खुला आहे, आमची पोरं वाचतात. मला त्यात आवडलेली गोष्ट म्हणजे डबा एकीकडे आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम एकीकडे असं वेगळं ठेवलंय, त्यामुळे एखाद्या संशोधकाला पक्ष्यांचे आवाज ओळखायचे असले तर तो नवीन डबा बनवत नाही, फक्त आपला प्रोग्रॅम त्या डब्यावर पाठवतो. त्यांच्याकडे पैसा आहे हो, मान्य. पण जुन्याच्या डोक्यावर नवीन उभं करायला पैसा कमी लागतो, जास्त नाही, आणि तो धडा तर आपल्यालाच जास्त लागू आहे.

तर माझं मागणं विद्यापीठाकडे आणि शहरातल्या सगळ्या कॉलेजांकडे असं आहे की बीईच्या निम्म्या ग्रुपना नवीन विषय देऊच नका. मागच्या बॅचचा डबा त्यांच्या हातात द्या आणि सांगा, वर्षभर चालू ठेवा. मार्क कशाचे, तर किती दिवस चालू होता, बंद पडला तेव्हा कारण लिहून ठेवलं का, तारीख बरोबर आहे का, पुढच्या ग्रुपला तुमचा कोड तुम्हाला फोन न करता चालवता येतो का. बाहेरून आलेल्या परीक्षकाने येऊन पीपीटी बघायची नाही, वर्षाचा डेटा उघडायचा आणि मधले खड्डे दाखवून विचारायचं, इथे काय झालं? बघा पोरं कशी शिकतात. कंपन्यांत गेल्यावर त्यांना नव्वद टक्के हेच काम करायचंय, दुसऱ्याने लिहिलेला कोड सांभाळायचं, त्याची सवय कुठेतरी लागू दे. आणि सेन्सर पुसायला, सोलरची धूळ झाडायला आर्ट्स-सायन्सची पोरं आहेत ना, नवीन शैक्षणिक धोरणात कम्युनिटी एंगेजमेंटचे क्रेडिट आहेत, त्यात पोस्टर स्पर्धा घेण्यापेक्षा हे घ्या.

हजार-दोन हजाराच्या खालचे सेन्सर डेडस्टॉकमधून काढा, खडू-डस्टरसारखे कन्झ्युमेबल धरा. हा निर्णय घ्यायला पैसा लागत नाही, एक सर्क्युलर लागतं. आणि सगळ्या कॉलेजांत मिळून का होईना, एक कायमस्वरूपी सॉफ्टवेअर इंजिनीअरची पोस्ट असू द्या (माझ्यासाठी मागतोय असं वाटेल, वाटू दे, माझं वय आता त्या जाहिरातीत बसणार पण नाही).

सिंहस्थासाठी जे सेन्सर आणि डॅशबोर्ड विकत घेतले जातील त्यांच्या टेंडरमध्ये दोन ओळी घालायला लावा. कच्चा डेटा लोकांना खुला, आणि मेळा संपल्यावर डब्यांचं सॉफ्टवेअर आणि पासवर्ड शहराच्या ताब्यात. नाहीतर २०२७ च्या शेवटी कंपनी जाईल आणि खांबावर पांढरे डबे राहतील, कबुतरांना बसायला.

बाकी आमच्यापुरतं म्हणाल तर दोन डबे तयार आहेत, घड्याळासकट, कोड खुला आहे, गेला पावसाळा कॉलेजच्या टाकीवर चालवून बघितलेत. वाघाडीवर एक आणि नासर्डीवर एक अशा जागा हेरून ठेवल्यात. पुलाच्या कठड्याला चार बोल्टचं ब्रॅकेट ठोकायची परवानगी हवी आहे, अर्ज संबंधित खात्याकडे गेलाय, तिथून दुसऱ्या खात्याकडे गेलाय. तुमच्या वाचकांत त्या टेबलावरचं कोणी असेल तर पावसाच्या आधी तेवढी सही करा, बोल्ट आम्ही घेऊन येतो.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक
(नाव छापू नये ही विनंती)